फायनल एक्झिट

"कळलं का गो तुला? वरच्या घरातल्याने काल आंबे काढणाऱ्या पोरांना कमरेला पट्टे बांधलेन्!"

काकी आमसुलं वाळत घालायला गडग्यापाशी आल्या की समजावं, बातमी आहे. त्यांच्या अंगणात दिवसभर ऊन असतं, आमच्या गडग्यावर दुपारनंतर फणसाची सावली येते. तरी आमसुलं इथेच वाळतात.

"पट्टे कसले?"

"गुरांना दावं लावतात तसले. एक टोक कमरेला, एक फांदीला. पोरं खिदळत होती नुसती. चार पिढ्या झाडावर चढतायत, कुणी बांधला होता पट्टा?"

"आणि चार पिढ्यांत पडले किती?"

काकींनी दोन आमसुलं उलटी केली. "तेही खरं म्हणा. बाळूचा बाप पडला होता, तो तसाच गेला. पण म्हणून काय पट्टा?"

वरच्या घरातले भाऊ सौदीला होते. जुबैलला, स्कॅफोल्डिंगचे फोरमन. रिफायनरीच्या टाक्यांभोवती नळ्यांचे मनोरे उभारायचे, वेल्डरचं आणि रंगाऱ्याचं काम झालं की उतरवायचे, पुन्हा दुसरीकडे उभारायचे. पट्टा न लावता वर दिसलेल्या माणसाला त्यांच्या साइटवर त्याच दिवशी गेटबाहेर काढत. इतकी वर्षं हा नियम पाळला नि पाळायला लावला, आता कलमाखाली उभं राहून वर बघताना भाऊंच्या पोटात गोळा येत असणार. आधी पोरं हसली खरी, पण आज सकाळी त्यातल्या दोघांनी पट्टा लावून झाडावरून रील काढले. आता बाकीचे पट्टा मागतायत.

भाऊ गेले १९९८ साली. गावात हे साल कुणी विसरत नाही, कारण त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. काकी म्हणतात, अख्खा गाव माणसं गाडीने परत येतील म्हणून वाट बघत होता आणि हा त्याच गाडीत बसून निघून गेला. परत आले २०२४ च्या गणपतीआधी. 'फायनल एक्झिट' लागला, म्हणजे आता कायमचं परत. मधल्या काळात दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, एवढंच.

हा हिशेब एकदा वहिनींनीच माझ्यासमोर मांडला होता. तांदूळ निवडत होत्या, सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं होतील. एकत्र राहिलो, सगळे महिने जोडले तर, तीन साडेतीन वर्षं. म्हणजे आमचं अजून नवंच आहे." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

"कोट तरी आणलान् असेल ना?" काकींनी आवाज खाली केला. खाली केलेला त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो.

"कोट कुठला हो काकी?"

"देवळाच्या जीर्णोद्धाराला एक लाख मागायला गेले होते ना पुढारी, ते म्हणत होते. सव्वीस वर्षांचं सगळं एकदम मिळतं म्हणे तिकडे."

मिळतं, ते खोटं नाही. सौदीच्या कामगार कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा, तोही शेवटच्या पगाराच्या दराने. सव्वीस वर्षांचे साडेतेवीस पगार होतात. भाऊंचा शेवटचा पगार साडेतीन हजार रियाल. रियाल डॉलरला बांधलेला, १९८६ पासून पावणेचार रियालला एक डॉलर. भाऊ आले तेव्हा एका रियालला बावीस रुपयांच्या थोडं वर मिळत होतं. सगळं गुणलं की अठरा लाखांच्या आसपास येतं. मी हे गणित काकींना तिथेच वाळूत काटकीने करून दाखवलं.

"अठरा?" काकींचा चेहरा पडला. त्यांचं स्वतःचं काही बुडाल्यासारखा. "सव्वीस वर्षं वाळवंटात, आणि अठरा?"

"मधल्या पगारांतून घर झालं, मुलीचं लग्न झालं, मुलाचं इंजिनियरिंग झालं, बाग झाली."

"बाग!" काकींनी आमसुलाची परात सरळ खाली ठेवली. म्हणजे आता खरी बातमी. "बागेचं कळलं का तुला? बाग त्याची नाहीच!"

आता हे गावाला आजवर ठाऊक नव्हतं, हेच आश्चर्य, कारण तलाठ्याकडे जाऊन कुणीही बघावं. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथे घर घेता येतं, दुकानाचा गाळा घेता येतो; शेतजमीन किंवा बागायत मात्र विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते, विकत नाही. २००६ साली खालच्या वाडीतली ऐंशी कलमांची बाग विकायला निघाली, तेव्हा भाऊ तिकडे. पैसे त्यांचे, पण कागद व्हायचा कुणाच्या नावाने? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. वहिनींचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेलं होतं. खरेदीखत वहिनींच्या नावाने झालं. सातबाऱ्यावर आज त्यांचं एकटीचं नाव आहे.

"म्हणजे तिने त्याला फसवलंन् असं नाही," काकींनी न्याय दिला. "त्यानेच सांगितलंन् ना फोनवरून, तुझ्या नावावर घे. पण आता आल्यावर सोसायटीत पीककर्जाला गेला, तर तिथला म्हणतो, मालकिणीला घेऊन या. सगळ्यांसमोर."

मालकिणीला घेऊन या! मला ते दृश्य डोळ्यांसमोर आलं. ज्याच्या शिट्टीवर साठ माणसं मनोऱ्यावरून खाली उतरत, तो माणूस काउंटरवरून मागे फिरला.

बँकेतही तेच. परदेशातल्या कमाईचं एनआरई खातं परत आल्यावर साधं करून घ्यावं लागतं आणि त्याच्या व्याजाला असलेली करमाफी जाते. ते करायला भाऊ तालुक्याला गेले. बँकेतल्या मुलीने विचारलं, "काकू नाही आल्या?" मुखत्यारपत्र वहिनींच्या नावे होतं, सगळे व्यवहार त्याच करत. कोणत्या ठेवीची मुदत कधी संपते, हे भाऊंना त्या मुलीने सांगितलं. तिला ते तोंडपाठ होतं. वहिनी दर तिमाहीला विचारायला जायच्या.

"आणि शुक्रवारचं काय ते?" काकींना आता उत्साह आला होता.

शुक्रवारचं असं की सौदीत सुट्टी शुक्रवारी. भाऊ अजूनही शुक्रवारी दाढी करत नाहीत, बागेकडे फिरकत नाहीत, दुपारी मटण मागतात. वहिनींचा शुक्रवार उपासाचा. रविवारी गाव आडवा पडतो, तेव्हा भाऊ पहाटे चारला उठून अंगणात उभे. साइटची बस साडेचारला यायची ना! आणि दुपारी बारा ते तीन उन्हात काम नाही. तिकडे १५ जून ते १५ सप्टेंबर हा सरकारी नियमच आहे. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस, म्हणून भाऊंनी तो नियम मार्च ते मे असा करून घेतला. बारा वाजले की बागेतल्या सगळ्यांना खाली उतरवून पडवीत बसवतात आणि पन्ह्याचे ग्लास फिरवतात. बागेतले मजूर खूश. वहिनी नाहीत, कारण वाशीला जाणारा टेम्पो संध्याकाळी पाचला सुटतो आणि पेट्या त्याच्या आत भरून व्हाव्या लागतात.

"एसी लावून रात्री गोधडी घेतो म्हणे," काकी म्हणाल्या. "पावसात सुद्धा!"

"कॅम्पातल्या खोलीत सहा जण आणि एसी कधी बंद नाही. त्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणतात."

"आणि ही खिडकी उघडून झोपणारी. मग?"

मग काय ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी गडग्यावर सांगितलं नसतं. एवढं खरं की माडीवरच्या खोलीत एसी आहे आणि माजघरातल्या खिडकीशी खाट आहे.

भाऊंना गावात सख्खा मित्र एकच झालाय, तो म्हणजे वहिनींच्या बागेतला नेपाळी राखणदार. हे मी स्वतः पाहिलेलं. रत्नागिरी भागात आंब्याच्या बागांवर राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी माणसं असतात. दिवाळीच्या आसपास येतात, आंबा आटोपला की जातात. आपली पोरं मुंबईला आणि आखाताला, आणि आपल्या बागा सांभाळायला पोखरा-बुटवलची पोरं. हा राखणदार आधी कतारला होता, स्टेडियमच्या कामावर. पहिल्याच दिवशी भाऊंनी सवयीने "यल्ला, यल्ला" केलं, तर तो फवाऱ्याचा पाइप टाकून हसायलाच लागला. तेव्हापासून दोघं संध्याकाळी बांधावर बसतात आणि त्या तिकडच्या हिंदीत बोलतात. कुठल्या कंपनीचा मेस चांगला, कुठला कफील, म्हणजे तिकडचा मालक, पासपोर्ट कपाटात बंद करून ठेवायचा, रमजानात कामाचे तास कसे बदलायचे. भाऊ घरात याबद्दल बोलत नाहीत. मुलांनी एक-दोनदा विचारलं आणि भाऊ सांगायला लागल्यावर फोनमध्ये बघितलं, तेव्हापासून बंद.

त्या राखणदारावरूनच पहिलं मोठं भांडण झालं. भाऊंनी परस्पर राखणदाराला कबूल केलं की दर वर्षी जायचं-यायचं भाडं, गोरखपूरपर्यंतचं रेल्वेचं आणि पुढचं बसचं, मालक देणार. आणि बायकोचं बाळंतपण असेल तर मधे पंधरा दिवस पगारी सुट्टी.

"मालक!" काकी म्हणाल्या. "कोण मालक?"

"तेच वहिनी म्हणाल्या."

"मग?"

"भाऊ म्हणाले, माझ्या मुलीच्या वेळी मला सुट्टी दिली नव्हती. मी तिला पहिल्यांदा बघितली तेव्हा ती चालत होती."

काकी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आणि तिने काय केलंन्?"

"भाडं दिलं. सुट्टीही दिली. वहीत लिहून ठेवलं, मजुरीच्या खर्चात."

भाऊंचं कसं चाललंय, हे गावात सगळे विचारतात. वाण्याकडे विचारतात, एसटीत विचारतात. करमतं का, जुळलं का, जेवण मानवतं का. वहिनींना हा प्रश्न अजून कुणी विचारलेला मी ऐकला नाही. हिने सव्वीस वर्षं सासूचं दुखणं काढलं, विहिरीचा वाद कोर्टात लढवला, थ्रिप्सने मोहोर जाळला त्या वर्षी दलालाकडून आगाऊ उचल आणून पुढच्या हंगामात फेडली. मुलं तापली की रात्री रिक्षा शोधत हिंडली. माणसं येऊन हिलाच विचारायची. आता अंगणात कुणी आलं की आधी भाऊंकडे बघतं, उत्तर मात्र अजून हिच्याकडून लागतं. कुणी कुणाकडे बघायचं, हेच त्या घरात ठरेना झालंय. मुलाचा पुण्याहून फोन आला की भाऊ उचलतात, तो दोन वाक्यं बोलतो आणि म्हणतो, "बाबा, आईला द्या जरा."

"तिला सांगायला कोणी नाही गो," काकी म्हणाल्या. "आपण आपले बघणारे."

आहे की. मोहल्ल्यातल्या आपा आहेत. त्यांचे मिस्टर कुवेतला होते, १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं तेव्हा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने आले. आपले लाखाहून जास्त लोक आणले होते त्या वेळी. आपांच्या घरात आखात त्याच्याही आधीपासून. त्यांच्या मोहल्ल्यात एकही घर नाही जिथे कुणी ना कुणी तिकडे गेलेलं नाही, आणि त्याच्या आधीच्या पिढ्या बोटीवर खलाशी. नवरा परत येण्याचं शास्त्र गावात कुणाला ठाऊक असेल तर आपांनाच.

वहिनी त्यांच्याकडे गेल्या होत्या, बोंबील घ्यायच्या निमित्ताने. आपांनी सांगितलेलं वहिनींनी मला सांगितलं आणि आता मी काकींना सांगत होते, म्हणजे ते आता सगळ्या गावाला कळणार. आपा म्हणाल्या, पहिले सहा महिने कपाटाच्या किल्ल्या मागेल, देऊ नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. त्याला एक काम असं दे, की जे तू कधीच केलेलं नाहीस. जे तू करतेस त्यातलं अर्धं दिलंस, तर रोज मोजत बसाल दोघंही.

"काय दिलंन् मग तिने?"

"पट्टे."

काकी बघतच राहिल्या.

"पट्टे भाऊंच्या डोक्यातले हो, पण पैसे वहिनींनी दिले. काढणी भाऊंकडे, झाडावर चढणारे सगळे भाऊंचे. विक्री, औषधं, बँक वहिनींकडे. आणि परवा भाऊंनी नळ्या आणि क्लॅम्प मागवलेत. मोठ्या कलमांना मनोरे बांधायचे म्हणतात, म्हणजे फांदीवर चढायलाच नको."

"कलमाला मनोरा! येड लागलंय."

लागलं असेल. पण गेल्या गणपतीत त्यांनी मूर्तीवरची माटवी तसल्याच क्लॅम्पनी बांधली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती विसर्जनापर्यंत सरळ राहिली. हे काकींनी स्वतः कबूल केलं होतं, आरतीच्या वेळी.

मधेच पुतण्याची बातमी निघाली. भाऊंचा धाकटा पुतण्या, बारावी झालेला, त्याच्याकडे मुंबईच्या कुणा एजंटाने दम्मामला ड्रायव्हरची नोकरी लावतो म्हणून दीड लाख मागितलेत. परवानाधारक एजंटाला तीस हजार आणि त्यावरचा कर, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. भाऊंनी त्याला समोर बसवून सरकारच्या ई-मायग्रेटवर एजंटाचा परवाना शोधायला लावला. सापडेना. मग म्हणाले, जायचं तर जा, पण परवाना दाखवणाऱ्याकडून जा, आणि करारावर लिहिलेला पगार मराठीत मला वाचून दाखव. पोरगा रुसून गेलाय. त्याची आई म्हणते, स्वतः कमावून आले आणि दुसऱ्याला अडवतात. काकींचं मत त्या आईच्या बाजूने पडलं, माझं भाऊंच्या. हा विषय आम्ही उद्यावर टाकला, कारण काकींना आणखी एक सांगायचं होतं.

"ती पासपोर्ट काढत्ये."

"कोण?"

"वरची. कशाला, ते मला नाही कळलं. त्याच्याबरोबर परत तिकडे जातायत की काय दोघं?"

हे मात्र मला ठाऊक होतं, आणि सकाळपासून मी ते राखून ठेवलं होतं. तालुक्याच्या महिला मंडळाची दुबईची सहल निघतेय. सहा दिवस. वहिनींनी नाव दिलंय. एकटीचं.

"एकटी? त्याला सोडून?"

"भाऊंना विचारलं होतं त्यांनी, येता का. भाऊ म्हणाले, मी विमान पुष्कळ पाहिलं, आता नको. आणि वहिनींनी मंडळाला जून सुचवला होता, आंबा आटोपल्यावर, तर भाऊ म्हणाले, जूनमध्ये दुबईत रस्त्यावर उभं राहवत नाही, डिसेंबरात जा. वहिनी म्हणाल्या, डिसेंबरात मोहोर, तुडतुड्यांची फवारणी कोण बघणार?"

"मग?"

"भाऊ म्हणाले, मी आहे."

काकींनी श्वास धरला.

"वहिनी काही बोलल्या नाहीत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली. कुठलं औषध कितव्या फवारणीला, किती पाण्यात किती, वारा असला तर थांबायचं, ढग असले तर काय, सगळं लिहून देतायत. भाऊ वाचून दाखवतात आणि वहिनी चुका काढतात. काल तिसरी फवारणी चालू होती."

"डिसेंबरला किती महिने आहेत अजून!"

"म्हणून तर आत्तापासून."

काकींनी परात उचलली, पुन्हा ठेवली. आमसुलं केव्हाच सावलीत गेली होती.

"सहा दिवसांचे किती घेतात गो?"

मी आकडा सांगितला.

"आणि माझा जन्मदाखला नाही. मला देतील काय पासपोर्ट?"

"तुमच्या वयाला पॅन चालतं. चौकशी करते."

"कर. आणि फोटोत नथ घातलेली चालते काय, ते आधी विचार."